फुटाला एक सूत

आमच्या घरी जेवणाचे टेबल आहे. पण त्यावर जेवण होत नाही. गेली काही वर्षे त्यावर एक जहाज बांधले जात आहे. पाहुणे आले म्हणजे आम्ही त्यांना मोठ्या अगत्याने जमिनीवर पाट मांडून बसवतो आणि वर "मांडी घालून जेवणे प्रकृतीला फार चांगले," असेही सांगतो. हे वाक्य मी उच्चारीत असताना आमची सौ. माझ्याकडे ज्या नजरेने पाहते, तिचे वर्णन मला साधणार नाही. ज्यांच्या घरी नवरा निवृत्त झाला आहे त्या भगिनींना ती नजर ठाऊक असेलच.

मी निवृत्त झालो २०१६ साली. निरोपसमारंभात शाल, श्रीफळ आणि एक लांबट खोके मिळाले. खोक्यावर दोन डोलकाठ्यांचे एक जहाज शिडे फुगवून मोठ्या दिमाखात चालले होते. घरी येऊन खोके उघडतो तो आत लाकडाच्या शेकडो पट्ट्या, पितळेचे बारीक मणी, दोऱ्याची रिळे आणि चार परदेशी भाषांत छापलेले एक पुस्तक! म्हणजे सहकाऱ्यांनी मला जहाज दिले नव्हते, जहाजाचा कारखाना दिला होता. ३४ वर्षे बँकेत दुसऱ्यांच्या पैशांच्या बेरजा केलेल्या माणसाला खिळा ठोकण्याचाही सराव नव्हता. तरीही मी नेटाने बसलो आणि वर्षभरात ते जहाज पुरे केले.

ज्याने त्याने पाहिले तो "वा!" म्हणाला. व्याही म्हणाले, "अप्रतिम!" सूनबाईंनी छायाचित्र काढून दहा ठिकाणी पाठवले, आणि दहाही ठिकाणांहून "फारच छान" असे उत्तर आले. आता खरे सांगायचे तर जहाजाकडे पाहताना मला आत कुठेतरी टोचत होते. काहीतरी चुकले होते. काय चुकले ते मला सांगता येत नव्हते आणि लोक तर छान छान म्हणत होते. बहुमताला मान देऊन मी गप्प राहिलो.

अशात एके दिवशी शेजारच्या बिऱ्हाडातल्या सुनेचे वडील आमच्याकडे चहाला आले. माझगावला राहणारे, मूळचे मालवणकडचे, गोदीच्या ओतशाळेसाठी लाकडी नमुने, म्हणजे पॅटर्न, करण्यात उभे आयुष्य घालवलेले. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, मीही म्हणू लागलो. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली, जहाज उचलले, एक डोळा मिटला आणि बंदुकीची नळी तपासावी तसे मागून पुढे नजर लावून पाहिले.

"साहेब," ते म्हणाले, "हे जहाज समुद्रात सोडलंत तर सरळ जायचं नाही. वाटोळं फिरत बसेल. हे केळं झालंय."

माझा चेहरा पडला असावा. सौ. आतून बाहेर येऊन उभी राहिली. आमच्या घरी येऊन आमच्या वस्तूला केळे म्हणणारा पाहुणा तिने तोवर पाहिला नव्हता.

"उजवी बाजू आधी पुरी केलीत ना? सगळ्या फळ्या एका बाजूच्या, मग दुसऱ्या बाजूच्या?"

तसेच केले होते! हे यांना कसे कळले? मिस्त्री म्हणाले, "कळायचं काय त्यात? माझं पहिलं याहून वाकडं होतं. घरी ठेवलंय. रविवारी या, दाखवतो."

त्या रविवारी मी माझगावला गेलो नसतो तर हा लेख लिहिण्याची पाळी आली नसती.

मिस्त्रींच्या खोलीत फळीवर एक काळपट, विद्रूप जहाज होते आणि त्याच्या शेजारी पाच सुरेख जहाजे. त्यांनी सुरेख जहाजांना हातही लावला नाही. विद्रूप जहाज माझ्या हातात दिले आणि कारण समजावून सांगितले. जहाजाच्या तळाचा जो मुख्य वासा, त्याला आपल्याकडचे होड्या बांधणारे पठाण म्हणतात. पठाणावर आडव्या बरगड्या उभ्या करायच्या आणि बरगड्यांवर फळ्या वाकवून चिकटवायच्या. वाकवलेली फळी म्हणजे ताणलेले धनुष्य. ती सरळ व्हायला पाहते आणि वाळणारा सरसही तिला ओढत असतो. एका बाजूला अशी १५ धनुष्ये आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, तर बिचारा पठाण काय करील? तो ओढ असेल तिकडे वळतो. म्हणून एक फळी उजवीकडे लावली की तिच्या जोडीची लगेच डावीकडे लावायची, आणि दर दोन फळ्यांनंतर एक डोळा मिटून पठाण पाहायचा.

चार भाषांतल्या त्या पुस्तकात हे कदाचित लिहिलेही असेल. पण ज्याच्या हातून चूक घडली त्याने ती चूक आपल्या हातात ठेवून सांगणे, ही गोष्ट निराळी.

हळूहळू त्या रविवारांना नियमितपणा आला. आम्ही पाचसहा जण जमतो. मिस्त्री आहेत, परळच्या एक दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत, वास्तुशास्त्र शिकणारा एक मुलगा आहे (तो आता शिकून नोकरीला लागला, पण आम्ही त्याला मुलगाच म्हणतो), आणि टपालखात्यातून निवृत्त झालेले एक अबोल गृहस्थ आहेत. मंडळाला नाव नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष नाही, त्यामुळे भांडणेही नाहीत. फक्त एक रिवाज पडून गेला आहे. कोणी आपले काम आणले की बाकीच्यांनी तोंडभर स्तुती करायची नाही. दोष दिसला तर सांगायचा. पण सांगण्याआधी तोच दोष आपल्या हातून केव्हा घडला होता ते सांगायचे. डॉक्टरीणबाईंनी एकदा आख्ख्या डेकवर वॉर्निशाचा हात उलट्या क्रमाने दिला होता. ती हकीकत आम्ही इतक्यांदा ऐकली आहे की आता कोणी वॉर्निशाची बाटली काढली की सगळे तिच्याकडेच पाहतात.

२०१७ सालच्या ऑक्टोबरात माझ्या भाच्याने विलायतेहून काही छायाचित्रे पाठवली. तो न्यूकॅसलला असतो. तिथून जवळ हार्टलपूल नावाच्या गावी गोदीत एक जुने लढाऊ जहाज जतन करून ठेवले आहे. भाच्याने लिहिले होते, "मामा, तुम्ही जहाजे करता म्हणून पाहायला गेलो आणि चकित झालो. हे तर आपल्या मुंबईचे!"

ते होते 'त्रिंकोमाली'. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीत पाण्यात उतरलेले; म्हणजे भाचा गेला तेव्हा त्याला बरोबर २०० वर्षे पुरी होत होती. ब्रिटनमध्ये आजही पाण्यावर तरंगत असलेले ते सर्वांत जुने लढाऊ जहाज. बांधणारे जमशेटजी बोमनजी वाडिया. त्यांच्या घराण्यातले लवजी नसरवानजी १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले आणि पुढे पिढ्यान् पिढ्या या घराण्याने इथे जहाजे बांधली. नेपोलियनशी चाललेल्या लढायांमुळे इंग्लंडात ओकच्या लाकडाचा तुटवडा पडला होता आणि मलबारचे सागवान तर ओकपेक्षाही टिकाऊ. म्हणून हे काम मुंबईकडे आले. घाट मूळ एका फ्रेंच जहाजाचा, हुकूम इंग्रजांचा, लाकूड मलबारचे, सुतार मुंबईचे, बांधणारा पारशी आणि नाव सिंहलद्वीपातल्या बंदराचे! अशा जहाजाने कोणा एकाचा म्हणून राहावे तरी कसे?

त्याच्या जन्माची हकीकत तर मला फारच आवडते. जहाजाचे नकाशे इंग्लंडहून 'जावा' नावाच्या युद्धनौकेवरून मुंबईला निघाले. १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ 'जावा'ची गाठ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'शी पडली. 'जावा' हरली आणि अमेरिकनांनी तिला जाळून टाकले. नकाशे गेले! मग दुसरी प्रत काढली, ती पुढल्या वर्षी मुंबईला पोचली, आणि पठाण टाकला गेला तो १८१६ साली. पठाणात चांदीचा एक खिळा ठोकण्यात आला. जहाजाचे कल्याण व्हावे म्हणून हा पारशी रिवाज.

पुढे त्या जहाजाने पॅसिफिकच्या फेऱ्या केल्या, मुलांना दर्यावर्दीपणाचे शिक्षण दिले, १८९७ साली ते मोडीत विकलेही गेले. पण एका गृहस्थाने ते मोडणाऱ्यांच्या हातून सोडवून घेतले. १९९० पासून दहाबारा वर्षे खपून कारागिरांनी त्याला पुन्हा उभे केले. आपल्या डोळ्यांसमोर 'विक्रान्त' २०१४ साली भंगारात गेली, हे आठवले की मला त्या अनोळखी गृहस्थाचा हेवा वाटतो. असो.

मी ठरवले, करायचे तर हेच जहाज. नकाशांच्या प्रती भाच्याने मिळवून दिल्या. तयार खोके नाही. एकेक बरगडी स्वतः कापायची. रविवारी मी ही घोषणा केली तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मिस्त्रींनी विचारले, "माप काय धरणार?" मी गप्प. ते म्हणाले, "फुटाला एक सूत धरा. डोक्याला ताप नाही."

सुतारांच्या हिशेबात इंचाचे आठ भाग, एकेका भागाला सूत म्हणतात. जहाजाच्या तोफांच्या मजल्याची लांबी १५० फूट आणि वर काही इंच. म्हणजे आमची १५० सूत, पावणेएकोणीस इंच. रुंदी ४० फुटांना किंचित कमी, म्हणजे पाच इंच. बँकेत इतका सोपा हिशेब मला कधी मिळाला नाही.

२०१९ च्या दसऱ्याला मी पठाण कापला. त्यानंतरच्या दोन वर्षांत मला जे शिकवले गेले ते सगळे इथे सांगू लागलो तर संपादक माझ्यावर चालून येतील. पण फळ्यांविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही. कारण नवखा माणूस इथेच हात टेकतो.

जहाजाचे पोट मोठे आणि टोक लहान. पोटावर १६ फळ्या लागल्या तर टोकावरही त्याच १६ मावायला हव्यात. म्हणजे प्रत्येक फळी टोकाकडे निमुळती हवी. ती किती, हे नजरेने ठरवू नये. कागदाची एक पट्टी घ्यावी, बरगडीवर डेकपासून पठाणापर्यंत लपेटावी आणि खूण करावी. माझ्या जहाजाच्या पोटावर ती ९६ मिलिमीटर भरली. १६ ने भागून ६. टोकाशी ५६ भरली, भागून साडेतीन. झाले! फळी ६ वरून साडेतीनपर्यंत तासायची. निम्म्याहून अधिक तासायची वेळ आली तर मात्र थांबावे आणि तिथे दोन फळ्यांची एक करावी. नाहीतर टोकाशी फळीच्या काड्या होतात. (माप सुतात आणि फळी मिलिमीटरमध्ये, याबद्दल मिस्त्री मला अजून हसतात.)

दुसरे, वाकवण्याचे. पट्टी गरम पाण्यात वीसेक मिनिटे भिजत ठेवावी आणि तापलेल्या इस्त्रीच्या टोकावरून हळूहळू वळवावी. घाई केली तर बाहेरच्या अंगाला ती तडकते. वळल्यावर तिला जागेवर कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवावे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाळू द्यावे. सरस लावायचा तो वाळल्यावरच. ओली फळी चिकटवली की ती मागाहून आकसते आणि दोन फळ्यांमध्ये फट पडते. ही चूक मी चार वेळा केली. चौथ्या वेळी टपालवाले गृहस्थ, जे सहसा बोलत नाहीत, ते म्हणाले, "मी सहा वेळा केली होती." एवढेच बोलले, पण मी घरी येताना बसमध्ये शीळ घालीत आलो.

आमची इस्त्री त्या काळात सौ.ला कधी जागेवर सापडली नाही. माझ्या सदऱ्यांवर सरसाचे डाग आणि सदरे बिनइस्त्रीचे, अशा थाटात मी वर्षभर वावरलो.

२०२१ च्या अखेरीस सांगाडा पुरा झाला. दोन्ही बाजू फळ्यांनी मढल्या. मी एक डोळा मिटून पठाण पाहिला. सरळ! सुताइतकाही फरक नाही. डोलकाठ्या तासून ठेवल्या. आता उरले होते दोरांचे काम.

आणि २०२२ च्या जानेवारीत एका पहाटे मी उठलो तो उजवा हात माझा नव्हता.

मेंदूत रक्ताची बारीकशी गुठळी झाली होती. वेळेवर इस्पितळात नेले म्हणून वाचलो. बोलणे आठवड्यात सुधारले, पाय महिन्यात ठीक झाला. हात मात्र मागे राहिला. पकड गेली आणि राहिली होती तिला कंप सुटला. पेला धरला तर पाणी सांडे. सही करायला बसलो तर जी सही ३४ वर्षे डोळे मिटून केली ती उमटेना. डॉक्टरांनी व्यायाम दिला, रबरी चेंडू दाबायचा, वाटीतले राजमे एकेक उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचे. मी राजमे टाकीत असे आणि समोरच्या टेबलावरचे जहाज माझ्याकडे पाहत असे. एके रात्री मी सौ.ला म्हटले, "ते कपाटावर ठेव." ती काही बोलली नाही. तिने त्यावर जुने धूतवस्त्र घातले आणि मुलाकडून ते वर ठेववले. कित्येक महिन्यांनी आम्ही टेबलावर जेवलो. त्या जेवणाला चव नव्हती, हे तिनेही कबूल केले आहे.

भेटायला खूप माणसे आली. सगळी प्रेमाने आली. "होईल हो सगळं छान," "आता आराम करायचा," "आत्तापर्यंत काय थोडं केलंत?" त्यांच्या मायेविषयी मला शंका नाही. पण ती गेली की खोली अधिकच रिकामी वाटे.

तिसऱ्या आठवड्यात मिस्त्री आले. त्यांनी टेबलाकडे पाहिले. "जहाज कुठाय?"

"वर ठेवलंय," सौ. हळूच म्हणाली. "यांना दिसलं की त्रास होतो."

मिस्त्रींनी मान हलवली, चहा घेतला आणि आपली एक गोष्ट सुरू केली. बिडाचा रस साच्यात ओतला की गार होताना तो आकसतो. फुटामागे सुमारे एक सूत. म्हणून पॅटर्न करणारा कारागीर साधी फूटपट्टी वापरीत नाही. त्याची पट्टी मुळातच तेवढी वाढीव असते. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मोठ्या पॅटर्नसाठी त्यांनी चुकून साधी पट्टी उचलली. तीन आठवड्यांचे काम. ओतकाम बाहेर आले ते सगळीकडून लहान. बीड फुकट, मजुरी फुकट.

"फोरमन शिव्या घालील म्हणून मी रात्रभर झोपलो नाही. सकाळी त्याने पॅटर्न पाहिला, पट्टी पाहिली. म्हणाला, 'उद्या आठला ये, दुसरा लाव.' बस्स."

एवढे सांगून ते उठले. दारात चपला घालता घालता म्हणाले, "उद्या आठला येतो, साहेब. वहिनी, जहाज खाली काढून ठेवा."

आणि ते आले. नुसते आले नाहीत. एक फळीचा तुकडा आणि पॉलिश पेपर घेऊन आले. "डाव्या हाताने घासा. उजवा नुसता वर ठेवा." जहाजाला त्या दिवशी आम्ही शिवलोही नाही. दुसऱ्या दिवशी तोच तुकडा. पंधरा मिनिटे झाली की ते घड्याळ दाखवून थांबवीत. मी अजून करतो म्हटले तरी थांबवीत. "थकलेल्या हाताला चूक शिकवू नये," असे त्यांचे म्हणणे.

रविवारी डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी माझा हात धरून पाहिला, तो नाडी पाहण्यासाठी नव्हे. "काका, तुम्ही हात अधांतरी धरता. मग तो कापणारच. आम्ही पेशंटच्या तोंडात असा मोकळा हात कधी नेत नाही. आधी शेवटून दुसरं बोट शेजारच्या दातावर टेकवतो, मग बाकीची बोटं काम करतात." त्यांनी वाळू भरलेली एक लहानशी पिशवी शिवून आणली होती, ती माझ्या मनगटाखाली ठेवली, अनामिका जहाजाच्या कडेवर टेकवली आणि आपला एक जुना चिमटा माझ्या बोटांत दिला. कंप गेला नाही. पण चिमट्याचे टोक पुष्कळसे स्थिर झाले. मी एक पितळी मणी उचलला. तो पडला. पुन्हा उचलला. तो भोकात बसला. खोलीत कोणी "वा" म्हणाले नाही. टपालवाल्यांनी फक्त मण्यांची डबी माझ्याकडे सरकवली.

सगळे असे सुरळीत चालले असे मात्र नव्हे. जूनमध्ये एकदा पटाशी निसटली आणि डेकवर दोन इंचांचा ओरखडा गेला. मी पटाशी फेकली. "मोडून टाका हे! हा माणसाचा हात राहिला नाही!" असे काहीसे मी ओरडलो. मग वास्तुशास्त्राचा मुलगा म्हणाला, "काका, हिचे तर नकाशेच जळले होते ना?" ती हकीकत मीच त्याला दहा वेळा ऐकवली होती, आता काय बोलणार? त्याने डेकची ती फळी गरम सुरीने अलगद उचकटली आणि नवी कापायला माझ्यापुढे ठेवली.

त्याच संध्याकाळी सौ.ने विचारले, "त्या जहाजाच्या पठाणात चांदीचा खिळा होता म्हणता ना? तुमच्यात आहे का?"

नव्हता. मला तो निव्वळ सोपस्कार वाटला होता. ती आत गेली आणि आपल्या जुन्या, तुटलेल्या पैंजणाची एक कडी घेऊन आली. मिस्त्रींनी ती ठोकून, तासून तिचा दाभणाच्या टोकाएवढा खिळा केला. जहाज उलटे करून उशीवर ठेवले. भोक कोणी पाडायचे? मिस्त्रींनी सामता माझ्यापुढे धरला. मनगटाखाली वाळूची पिशवी, अनामिका पठाणावर. मला किती वेळ लागला ते मी सांगणार नाही. सौ. देव्हाऱ्यापाशी उभी होती. ती म्हणते तिचे वाती करणे चालले होते, पण इतक्या वाती आमच्या घरी दिवाळीतही लागत नाहीत.

आता दोर चालले आहेत. डोलकाठीच्या दोन्ही अंगांना जे तिरपे दोर असतात त्यांवर खलाशांना चढण्यासाठी आडव्या दोऱ्यांची शिडी बांधायची. एका बाजूच्या एका शिडीला दोनशेच्या आसपास गाठी, आणि अशा शिड्या डोलकाठ्या तीन म्हणून सहा. वरच्या भागातल्या निराळ्याच. मागे पट्ट्या आखलेला कागद लावला की अंतर चुकत नाही. गाठ आवळायची नाही, नुसती बसवायची. आवळली की उभे दोर आत ओढले जातात आणि शिडीला कंबर येते. ही गोष्ट मला सौ.ने दाखवून दिली. तीस वर्षे क्रोशाचे विणकाम करणाऱ्या बाईला ताण म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. दोऱ्याची लव जाण्यासाठी तो आधी मधमाशीच्या मेणातून ओढावा, हे मिस्त्रींचे. ओढल्यावर तो चिमटीत धरून जरा ऊब द्यावी म्हणजे मेण आत मुरते, ही तिची भर. रोज दहा गाठी मी बांधतो. कधी बारा. मागच्या डोलकाठीला अजून हात लागलेला नाही आणि लागेल तेव्हा लागेल.

परवा दिवाळीच्या सुटीत वरच्या मजल्यावरचा आठवीतला मुलगा दारात उभा राहिला. वाढदिवसाला त्याला कुणीतरी जहाजाचे खोके दिले होते. हातात अर्धवट सांगाडा होता आणि चेहऱ्यावर ती ओळखीची शंका.

"काका, कसं झालंय? घरी सगळे छान म्हणतात."

"छानच आहे की रे बाळा," सौ. करंज्यांचे ताट हातात घेऊन म्हणाली.

मी चष्मा पुसला, एक डोळा मिटला आणि पाहिले. मग स्टूल घेतले. सौ. "अहो, पडाल!" म्हणेपर्यंत माळ्यावरून माझे २०१७ सालचे जहाज खाली काढले, त्यावरची धूळ झटकली आणि त्याच्या हातात दिले. त्याने ते उलटसुलट पाहिले. मग माझ्यासारखाच एक डोळा मिटला.

"काका, हे तर वाकडं आहे."

"केळं म्हणतात त्याला. का झालं असेल, सांग पाहू?"

त्याने आपला सांगाडा माझ्या जहाजाशेजारी धरला. एकदा इकडे पाहिले, एकदा तिकडे. बराच वेळ बोलला नाही. मग त्याचे बोट आपल्या उजव्या बाजूच्या फळ्यांवरून हळूहळू सरकत चौथ्या फळीपाशी थांबले.

"चारच लागल्यात माझ्या," तो म्हणाला.

मी आत हाक दिली, "अगं, जरा पाणी तापत ठेव."

"चहाला, की फळीला?" आतून प्रश्न आला.